घाटकोपरला भट्टी मागायला

कल्याणला गाडी बदलून मी घाटकोपरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. हातात पत्र्याची पेटी आणि कनवटीला एक चिठ्ठी. जळगावात माझी खानावळ आहे. शेजारच्या पेढीवरच्या गुजराती शेठजींच्या घरी सणाला माझ्या हातची पुरणपोळी जाते. त्यांनीच ती चिठ्ठी घाटकोपरच्या आपल्या मावशीला लिहिली होती.

मला लग्नाची भट्टी हवी होती. दोनशे पानांचा स्वयंपाक स्वतःच्या हुकमाने काढायचा होता. जळगावच्या लग्नघरी मला पोळ्या लाटायला बोलावत, भट्टीपाशी मात्र पुरुष आचारी. दहा वर्षं लाटल्या. पुरे झालं.

निघताना दीर म्हणाले होते, "वहिनी, मुंबई कुणाची यावरून तिकडे डोकी फुटताहेत, आणि तुम्ही गुजरात्याच्या घरी निघालात?"

म्हटलं, "मुंबई तुम्ही घ्या. मला चूल पुरे."

स्टेशनाबाहेर पाट्या गुजरातीत. एका दुकानात गाठिये (बेसनाचे जाड, मऊ तळलेले कडबोळ्यासारखे तुकडे) तळत होते. सोबत कच्च्या पपईचा कीस आणि तळलेल्या मिरच्या. पापडखार जरा जास्त होता, तरी दुसऱ्यांदा मागून खाल्ले. पुढे रस्ता आंब्यांच्या सावलीतून बंगल्यांकडे जातो. त्याच्या पलीकडे मिठागरं आणि खाडी, त्यामुळे वारा खारट. गाव म्हणावं तर गाव नाही, शहर म्हणावं तर तबेल्यातल्या म्हशी रस्त्यात बसलेल्या. मला तिथे थांबून बघायला सवड नव्हती.

मावशी म्हणजे मणिबा. सत्तरीच्या, पांढरं लुगडं, ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्या. जन्म मुंबईतला, त्यामुळे मराठी आपल्या पद्धतीने पण चोख बोलत. चिठ्ठी वाचून विचारलं, "ब्राह्मण?"

"नाही. पाटील."

"कांदा-लसूण?"

"घरी खाते. पेटीत काळा मसाला आहे, त्यात आहे. तो काढणार नाही."

"पेटी बाहेर राहील," त्या म्हणाल्या. आणि मग, "चार दिवसांची अडचण?"

"ती सरून तीन वर्षं झाली."

मणिबा हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीची सगाई (साखरपुडा) होती, साठ पानं. जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत पंगती उठायला हव्यात. वेढमी (तुरीच्या डाळीची पुरणपोळी) नेहमीचे रेवाशंकर महाराज करणार, बाकीचं सगळं माझ्याकडे. ते नीट उतरलं तर वैशाखात लग्नाची भट्टी माझी.

रेवाशंकर महाराज माझ्याहून दहा वर्षांनी लहान, किडकिडीत. मला बघून म्हणाले, "बेन, भट्टी फार गरम होते हं."

"थंड चूल मी अजून पाहिली नाही, महाराज."

भांडी घासणारी वेणू खो खो हसली. ती मालवणकडची, नवरा गिरणीत. "जोरात हा गो बाय ही!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगणात जाळ पेटला. पाणी गाळून घ्यायचं, बटाटा नाही, आलंही नाही, एवढं मी विचारून घेतलं होतं. दुपारपर्यंत दोन भाज्या झाल्या, मोकळा भात झाला. मग कढी. हंडाभर ताकात बेसन कालवून मी ते रवीने घुसळलं, गुठळी राहू दिली नाही. महाराज पलीकडे पुरण शिजवत बघत होते.

पातेलं भट्टीवर चढवणार एवढ्यात मणिबा आल्या. "ताक आधी ऊन केलं होतंस?"

"नाही. आता उकळणारच आहे."

"अरे राम! द्विदल झालं हे!"

तेव्हा कळलं. कच्च्या दुधा-ताकात डाळीचं पीठ मिसळलं की त्यात जीव उपजतात, असं हे लोक मानतात. ताक आधी तापवायचं, पीठ मग. एकदा कच्च्यात मिसळल्यावर पुढे कितीही उकळा, ते खाण्यातून गेलं. मी आयुष्यभर कढी अशीच केली आहे. चुकते आहे हे मनातही आलं नव्हतं.

गड्यांनी पातेलं बाहेर नेलं. घरात दुसरं ताक नव्हतं. पाहुणे यायला दीड तास.

"वाट लागली गो बाय," वेणू हळूच म्हणाली. "आता काय करतलंस?"

मी महाराजांकडे वळले. "बघितलंत ना? मग सांगितलं का नाही?"

"मला कोणी सांगितलं होतं?" ते म्हणाले. "माझ्या गुरूने माझा हंडा ओतला आणि वरून कानाखाली वाजवली. तुमचा नुसता हंडा गेला."

रागवायला वेळ नव्हता. त्यांच्या मागे घमेल्यात पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी होतं, गडीमाणसांच्या भातासाठी ठेवलेलं. आपण त्याची कटाची आमटी करतो. मी ते उचललं.

"हे ओसामण घरच्या जेवणात चालतं," महाराज म्हणाले. "व्याह्यांच्या पानात? बा, ना पाडो." (नाही म्हणा.)

मणिबांनी उन्हाकडे पाहिलं. "कर," त्या मला म्हणाल्या.

लवंग, दालचिनी, जिरं भाजलं, सुकं खोबरं वाटलं, कोकम, गूळ, वर कढीपत्त्याची फोडणी. काळ्या मसाल्यासाठी हात तीनदा बाहेरच्या पेटीकडे वळला, तीनदा मागे घेतला. पंगत बसली. व्याह्यांनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली, मग वेढमी बुडवून खाऊ लागले. शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन अजून आंब्याच्या शेंड्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मणिबांनी झोपाळ्यावर शेजारी बसवलं. "हात चांगला आहे तुझा. पण वैशाख महाराजांचा."

"बाई म्हणून?"

"बाई म्हणून काल कोणी उठलं का पानावरून?" त्यांनाच राग आला. "मी काल अंगणात आले नसते तर? साठ माणसांचा धर्म गेला असता. चैत्रात ये. महाराजांच्या हाताखाली दोन महिने राहा. धाकट्या नातीचं लग्न तुझं."

महाराज दारात उभे होते. "मी कानाखाली नाही मारणार, बेन," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मला धड बसवत नव्हतं. बाई भट्टीवर कशाला, याची शंभर उत्तरं मी घरून पाठ करून नेली होती. तिथे कोणी तो प्रश्न फारसा विचारलाच नाही. जे विचारलं ते मला येत नव्हतं. पडायचंच होतं तर बाईपणावर पडले असते, निदान भांडता आलं असतं. ताकापुढे काय भांडणार?

चैत्राला अजून दीड महिना आहे. काल खानावळीच्या किल्ल्या जाऊबाईंच्या हातात दिल्या.

"या वयात शिकायला जाणार?" त्या म्हणाल्या.

म्हटलं, "भट्टी घ्यायला जाते आहे. शिकणं वाटेत लागतं."