गंगासागरचं मावंदं

मी जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई आतल्या गाठीची आहे. माझी धाकटी जाऊ आणि दीर दोघं कॅरिबियन समुद्रात क्रूझवर गेले, आणि त्यांचे ते आठ दिवस मी इथे यवतमाळात बसून अशी जळले की फोडणीला वेगळा गॅस लावायची गरज नव्हती.

त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने बोटीची तिकिटं काढून दिली. बारा मजली बोट, वर पोहायचा तलाव, रोज नवं बेट. जाऊ हे सगळं फोनवर सांगत होती आणि मी "अगंबाई, हो का! छान!" म्हणत कणीक अशी तिंबत होते की तिचा चिखल झाला.

आता यात जळण्यासारखं काय, असं आमचे हे म्हणाले. यांना कळायचंच नाही. मी बासष्ट वर्षांची झाले, पण समुद्र पाहिलेला नाही. माहेर राळेगाव, सासर यवतमाळ. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे बेंबळा धरण, तेही एका लग्नाहून येताना रस्त्यात गाडी थांबवून, पाच मिनिटं. शाळेत असताना नकाशात समुद्राला निळा रंग मीच द्यायची, बाकी पोरींना हात लावू द्यायची नाही. लग्न झाल्यावर यांना पहिली गोष्ट मागितली ती समुद्र. हे म्हणाले, "जाऊ नं, काय घाई आहे!" मग यांच्या कचेरीतली कामं, मग मुलांच्या परीक्षा, आणि हे सगळं संपलं तेव्हा सासूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी हे रिटायर झाले तेव्हा खरंच गणपतीपुळ्याचं ठरलं होतं. मी चाकांची निळी बॅग घेतली. निघायला चार दिवस असताना सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तिकिटं परत केली आणि बॅग पलंगाखाली गेली. तेव्हा दीर आले होते आईला पाहायला. मी धीर करून म्हटलं, "पुढच्या महिन्यात आठ दिवस तुमच्याकडे ठेवता का यांना?" त्यांचा बंगला आर्णी रोडवर, आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. जाऊ लगेच म्हणाली, "ताई, आम्ही कधीही तयार आहोत हो. पण आईंना तुमच्याच हातचं लागतं नं!"

आली का पंचाईत! कौतुकाने तोंड बंद करायची कला कोणी तिच्याकडून शिकावी. तेव्हापासून मी कुठे जायचं नाव काढलं की हेच वाक्य.

तर बोटीवर जायच्या आधी दोघं सासूबाईंच्या पाया पडायला आले. सासूबाई सत्त्याऐंशीच्या. कळंबकडच्या एका खेड्यातल्या, बोलणं पक्कं वऱ्हाडी. जुन्या बायांसारखं "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. कानाने कमी, पण डोकं शाबूत. दिवाणावर बसून त्यांनी विचारलं, "कुठं चाल्ले बाप्पा?"

परदेश म्हटलं तर आई धसका घेईल म्हणून दीर जरा गुळमुळीत बोलले, "आई, सागरावर चाललो. जहाजात बसून."

"गंगासागर?"

दिरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आणि दीर म्हणाले, "हो."

म्हातारीचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! "सारे तीरथ बार बार, गंगासागर एक बार! अरे, माझ्या मायचं राह्यलं, माझं बी राह्यलं. जातो जातो म्हनता म्हनता हाड मोडून बसलो. तुमी जाऊन राह्यले, मले सारं भेटलं." देवाजवळची हळदकुंकवाची पुडी त्यांनी जाऊच्या हातात दिली. माझ्या नावाने सागराला वाहा म्हणाल्या. येताना तिथलं पाणी आणा. आणि आल्यावर मावंदं आपल्या घरी करायचं.

यात्रेहून आलं की मावंदं करतात आमच्याकडे. आणलेल्या पाण्याची पूजा करायची, चार माणसं जेवू घालायची, आणि यात्रेकरूंचे पाय धुवायचे. म्हणजे समुद्र त्यांनी पाहायचा आणि पुरण मी वाटायचं.

निघताना जाऊ म्हणाली, "ताई, तुमची ती निळी बॅग पडूनच आहे नं? आमच्या सगळ्या जुन्या झाल्या." मी दिली. काहून दिली, मलाच माहीत नाही. आत अजून दुकानाची चिठ्ठी होती.

मग सुरू झाले फोटो. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी उठावं तर चाळीस फोटो येऊन पडलेले. जाऊ पायघोळ फुलाफुलाच्या गाउनमध्ये, डोक्यावर हॅट. दीर हाफ पॅन्टमध्ये. त्यांच्या पोटऱ्या मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिल्या. टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवलेला. आणि मागे पाणी. असं निळं की मी शाळेत दिलेला रंग अगदी खोटा वाटावा. मी दोन बोटांनी फोटो मोठे करकरून बघायची, तिला बाजूला सारून नुसतं पाणी दिसतं का ते पाहायची. मग खाली लिहायची, "मस्त! एन्जॉय!" आणि दोन फुलं टाकायची. एका फोटोत माझी बॅग होती, बोटीच्या खोलीत, गोल खिडकीखाली. त्या दिवशी यांनी वरणात मीठ जास्त झालं म्हटलं तर मी म्हटलं, "मग जा बोटीवर, तिथे मिळेल अळणी!" हे बिचारे ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

परत आल्यावर बॅग धुऊन-पुसून माझ्याकडे आली. सोबत चॉकलेटचा डबा आणि फ्रिजला चिकटवायचा एक शिंपला. मी बॅग उघडून पाहिली, सगळे कप्पे. बाजूच्या कप्प्यात हात घातला तर सासूबाईंची हळदकुंकवाची पुडी. दोरा बांधला होता तसाच.

वं माय! मला जो संताप आला! आठ दिवस त्या पाण्यावर झोपले दोघं, आणि एवढीशी पुडी उघडून टाकायला जड झाली? मी पुडी पदराला बांधली. म्हटलं, थांब. आता मावंदंच होऊ दे.

रविवारी मावंदं झालं. गल्लीतल्या सहा म्हाताऱ्या सासूबाईंनी स्वतः फोन लावून बोलावल्या होत्या. मी पहाटेपासून पुरणपोळ्या, कढी, भजी. जाऊ आली ती डाळिंबी साडीत. दोघांना पाटावर बसवलं. सासूबाई मला म्हणाल्या, "मोठे, धू पाय."

"ताईंनी कसे? त्या मोठ्या आहेत," जाऊ कसनुशी झाली.

"यात्रेच्या पायाले लहानमोठं नसते. धू वं."

मी धुतले. परातीत तिचे पाय घेतले. नखांना निळं पॉलिश, चपलेच्या पट्ट्याची गोरी खूण तेवढी सोडून बाकी पाय उन्हाने काळवंडलेले. ज्या उन्हाला मी चाळीस वर्षं तरसले त्या उन्हाची ती खूण मी माझ्या हाताने चोळत होते. कुंकू लावलं, पुसले, डोकं टेकवलं. दात इतके आवळले होते की कानशिलं दुखली.

म्हाताऱ्या सरसावून बसल्या. एकीने विचारलं, "तिथलं कपिलमुनीचं देऊळ केवढं हाये हो?"

दिरांच्या डोक्यात बोटच. म्हणाले, "बारा मजली."

"बारा!" म्हाताऱ्यांनी हात जोडले. सासूबाईंनी जाऊच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी आना आता सागराचं."

जाऊ उठून सरळ स्वयंपाकघरात आली. मागोमाग मी. तिच्या डोळ्यांत पाणी. "ताई, आणलंच नाही हो. साफ विसरलो. आता काय करू?"

मी पदराची गाठ सोडून पुडी तिच्यापुढे ओट्यावर ठेवली. ती पांढरीफटक पडली. या क्षणाची मी तीन दिवस वाट पाहत होते. बाहेर जाऊन नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, की हे गंगासागरला गेलेच नव्हते. सहा म्हाताऱ्या म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळं यवतमाळ. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दारातून सासूबाई दिसल्या. तीर्थ घ्यायला त्यांनी हात आधीच पुढे केला होता. उजव्या हाताचा पसा, आणि खाली डावा हात आधाराला.

"हो बाजूला," मी जाऊला म्हटलं. तांब्याचा गडू घेतला, बोरिंगच्या नळाखाली भरला, मूठभर खडेमीठ टाकलं आणि डावाने ढवळलं. "घे, दे नेऊन. आणि रडू नको, काजळ उतरेल."

गडूची पूजा झाली. सासूबाईंनी पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, ओला हात डोक्यावरून फिरवला. बाकीच्या म्हाताऱ्यांनी घेतलं आणि सगळ्यांची तोंडं एकदम आंबट झाली. "खराच सागर हाये वं!" एक म्हणाली आणि तिला ठसका लागला.

दुपारी सगळे गेले. मी सासूबाईंना गोळ्या द्यायला गेले तर म्हणाल्या, "बस. मीठ जरा जास्त झालं."

"कढीत?"

"गडूत."

मी पेला खाली ठेवला.

"चाळीस वर्सं तुया हातचं मीठ खाऊन राह्यलो. मले तुया हात समजत नाही काय? अन् पायाले निळा रंग लावून कोनी तीर्थाले जाते काय? बारा मजली देऊळ म्हने!" त्या थोडं हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "तू काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"खोटं नको बोलू. तू तं त्याईच्यावर जळून राह्यली होती. पाय धूत होती तं वाटलं, आता मोडते इचा अंगठा." मी मान खाली घातली. "तुले समुद्र पाह्याचा होता, हाये नं? माझ्यापायी राह्यला."

नाही म्हणायला पाहिजे होतं. चाळीस वर्षांची सून, एवढं तर म्हणायलाच पाहिजे होतं. माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोळ्या घेतल्या आणि भिंतीकडे कूस वळवून झोपल्या. मला फार लाज वाटली, आणि तरीही ते बोललं गेलं नाही याचं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यांच्याकडून फोन लावून दीर-जाऊला बोलावून घेतलं. दोघं आले तर दिवाणाजवळ गडू आडवा आणि फरशी ओली.

"सांडलं बाप्पा सागराचं पानी," सासूबाई म्हणाल्या. "असं सांडलेलं चांगलं नसते. पुन्हा आनाव लागते. ह्या खेपेले मोठी जाईन अन् मोठा जाईन. गंगासागरले. धाकटी राह्यीन माझ्यापाशी, पंधरा दिवस."

जाऊ म्हणाली, "पण आई, तुम्हाला तर ताईंच्याच हातचं..."

"मीठ तिच्या हातचं लागते," सासूबाई म्हणाल्या, "ते ठेवून जाईन ती डब्यात. तू टाकजो."

दिरांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी सहज विचारलं, "काय म्हनत होता तू, किती मजली?" दिरांनी तोंड मिटलं.

उद्या आम्ही निघतो. आधी एसटीने वर्धा, तिथून हावड्याची गाडी, आणि पुढे गंगा समुद्राला मिळते तिथवर. हे दोन दिवसांपासून टाइमटेबल तोंडपाठ म्हणून दाखवतात. निळी बॅग भरून दारात उभी आहे. तिच्यावर विमानतळाची पट्टी अजून चिकटलेली आहे, ती मी काढली नाही. एसटीत लोकांना वाचू दे. जाऊ आज सकाळीच राहायला आली. मी तिला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, पथ्य सांगितलं, मिठाचा डबा दाखवला. ती हो ताई, हो ताई म्हणत होती. अशी मऊ मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग सासूबाईंच्या पाया पडले. ओट्यावरून उचलून ठेवलेली ती पुडी मी त्यांना दाखवली आणि पुन्हा पदराला बांधली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आरामात ये. पाय धुवाले ही हायेच."

मी जाऊकडे पाहिलं नाही, पण ती खाली पाहत असणार. खरं सांगते, समुद्र मला पाहायचाच आहे, जन्मभर पाहायचा होता. पण परत यायचीही तेवढीच घाई झाली आहे.