कापसाच्या खोलीतली झोप

"मोबाईल, मॅडम. दुसरं काय असणार?"

हेडसरांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. समोर दहावीतली पायल उभ्या उभ्या पेंगत होती. वर्गात रोज बाकावर डोकं टेकते, म्हणून तिच्या वडिलांना बोलावलं होतं आणि मलाही.

"सर, हिच्याकडे मोबाईलच नाही," मी म्हटलं.

"मग मैत्रिणीचा असेल."

मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक. मारेगाव तालुक्यातल्या शाळांमधून फिरते. आमच्या पत्रकावर झोपेसाठी पाच सूचना आहेत, त्यातल्या चार मोबाईलवर. शहरात बसून लिहिलं की असं होतं. या वयात झोप उशिरा येते आणि मोठ्यांपेक्षा जास्त लागते, हे कोणी ऐकून घेत नाही. पोर पेंगलं की आळशी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

तिचे वडील, प्रेमसिंगभाऊ, तांड्यावरून ठरवूनच आले होते. "शाळेत झोपालेच येते तं घरी राहू द्या. कापूस येचाले तरी कामी येईन."

म्हणजे दहावी तिथंच संपली. मला संताप आला. मी त्यांच्याकडे आठवडाभराची मुदत मागितली आणि संध्याकाळी तांडा गाठला.

होम व्हिजिटमध्ये आम्ही 'स्लीप हिस्ट्री' घेतो. मोठं नाव, साधे प्रश्न: कुठे झोपतेस, जाग कशाने येते? पायलने उत्तर न देता आतल्या खोलीचं दार ढकललं. छातीपर्यंत कापूस. दारालगत उरलेल्या पट्टीत तिची गोधडी. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. तिने बाही वर केली. हातभर लाल पुरळ. साठवलेल्या कापसात डोळ्याला न दिसणारे बारीक किडे होतात. ते झोपू देत नाहीत.

"काहून सांगितलं नाही कोणाले?"

"सगळ्याइच्याच घरी चावते, मॅडम. सांगाचं काय त्यात?"

कापूस शेळ्यांच्या टिनाच्या शेडमध्ये हलवा, असं मी प्रेमसिंगभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, पूजा केलेली लक्ष्मी कोणी शेळ्यांच्या शेजारी ठेवत नसते. आणि कापूस काही चावत नाही, त्यांचं अख्खं लहानपण त्यातच गेलं. मी म्हटलं, लक्ष्मी इतकी लाडकी आहे तर तिच्याजवळ मालकाने झोपावं, लेकीने कशाला?

चुलीपाशी पायलची आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "बराबर हाय. आजपासून तुमी झोपा तिथं. खाट पोरीले."

माझ्यासमोर माघार कशी घेणार? "झोपतो न. त्यात काय?"

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा कापूस शेडमध्ये फळ्यांवर रचलेला होता, वर ताडपत्री, समोर उदबत्ती. शेळ्या बाहेर. प्रेमसिंगभाऊ दंडाला खोबरेल तेल चोळत होते.

"आवंदाचा कापूस खराब हाय, मॅडम. असा चावत नसते तो."

मी वाद घातला नाही. शाळेचं विचारलं, तर म्हणाले, जाऊ द्या तिले. खाट मात्र परत मिळाली नाही, परीक्षेनंतर पाहू म्हणते तिची आई.

पायल आता शेवटच्या तासापर्यंत जागी असते. गणितात जांभई देते, पण ती सगळाच वर्ग देतो. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की त्यांनी शाळेत घातलेल्या मोबाईलबंदीचा चांगला परिणाम दिसतो आहे.

पत्रकावर सहावी सूचना मी पेनने लिहून वाटते: पोराची झोप तपासायची असेल तर एक रात्र त्याच्या अंथरुणावर मोठ्या माणसाने झोपावं. छापणाऱ्यांनी ती अजून घेतलेली नाही.