करडईच्या फुलांची कुंची

सातारा रोड स्टेशनात टांग्यातून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक पिशवी आणि चार अर्धवट कामं होती. चौघी जावांचा संसार एकाच पिशवीत मांडला की जे होतं तेच झालं होतं: खाकी लोकर पांढरीला गुंडाळली होती, रेशीम दुपट्याच्या टाक्यात अडकलं होतं. साताऱ्याच्या शिवणवर्गात मी मुलींना सांगते, एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी स्वतः हे कधी पाळलेलं नाही.

त्यातली तीन कामं बाळंतविड्याची होती: पांढरा स्वेटर, मऊ जुन्या लुगड्याचं दुपटं आणि कुंची. चौथा होता लढाईवरच्या शिपायांसाठी विणायचा खाकी मोजा. बाळंतविडा माझ्या भाचीचा, सांगलीच्या कुसुमचा. मी विधवा झाले त्याच वर्षी तिची आई, म्हणजे माझी बहीण, गेली. कुसुम तेव्हा तीन वर्षांची होती. तिला मीच वाढवलं, अक्षर शिकवलं, लग्न करून दिलं. गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. आता दुसरा मुलगा झाला होता आणि त्याचं बारसं होतं. विधवेनं बारशात पुढं व्हायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण पाळण्यात घालण्याआधी, आतल्या खोलीत, माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर कुंची घालायची, एवढं मी मनाशी धरून निघाले होते.

गाडीत पलटणीची माणसं खच्चून भरलेली. बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली, हे नशीब. गाडी हलत असली की सुया चालवायच्या आणि स्टेशनात थांबली की भरतकाम, असा मी नेम ठेवला. कुंचीवर काय भरावं ते अजून ठरत नव्हतं. नमुन्याच्या वहीतले राघू आणि कोयऱ्या भरून भरून माझा जीव विटला होता.

रहिमतपूरला एक बाई भाकरीचं गाठोडं आणि डहाळं (ओल्या हरभऱ्याचे झुपके) घेऊन समोर बसली. माझ्या मोज्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "आवं बाई, येका मोज्याला चार सुया?"

"हो."

"मग दोनाला आठ लागत्याल की."

मी हसले. मोजा शिपायासाठी आहे म्हटल्यावर तिनं तो हातात घेतला आणि बोटांनी मापला. "आमचा थोरला बी हाय पलटनीत. दोन म्हयनं झालं, पत्तुर न्हाई. पाय लय मोठा हाय त्येचा. जरा लांब करा." हा मोजा त्यालाच मिळेल असं तिला वाटत होतं. मी दहा ओळी वाढवल्या. तिनं मला हरभरा सोलून दिला आणि आम्ही दोघींनी मिळून खाल्ला.

मसूर मागं पडल्यावर शाळूच्या कणसांमधून करडईचे पट्टे दिसायला लागले. पिवळी फुलं, मधूनच एखादं केशरी झालेलं. बांधावरून एक धनगरीण मेंढरांमागं चालली होती, चालता चालता हातातल्या लाकडी काडीवर लोकर कातत. तिनं मान वर करून गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तिचा धागाही तुटला नाही. मला तिचा हेवा वाटला. मी घाईघाईनं पिवळं आणि केशरी रेशीम काढलं. कऱ्हाडला गाडी उभी होती तेवढ्यात दोन फुलं झाली.

समोरची बाई वाकून बघत होती. "करडई व्हय? लेकराच्या डोस्क्यावर काटं टोचत्याल."

"काटे नाही भरले."

"काटं काडलंसा? मग ब्येस," ती म्हणाली आणि ताकारीला उतरून गेली.

मिरजेला गाडी बदलताना खाकी गुंडा फलाटावर पडून घरंगळत गेला. एका हमालानं तो पायानं अडवला आणि वर मलाच विचारलं, बाई, एवढं विणून लढाई थांबणार आहे काय? मी गुंडा झटकून पिशवीत टाकला. सांगलीच्या छोट्या गाडीत शेवटचं फूल भरून मी दोरा तोडला.

सांगलीत हळदीची पोती भरलेल्या गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या. टांगेवाल्याच्या टोपीपासून बैलांच्या शिंगांपर्यंत सगळं पिवळं. कुसुमचं घर कृष्णेच्या घाटाजवळ. तिच्या सासूबाईंनी दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली, चहा दिला, प्रवासाची चौकशी केली. बाळ झोपलं होतं. मी उंबऱ्यातूनच पाहिलं. कपाळ माझ्या बहिणीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका जमायच्या आधी, मी कुंची घेऊन आतल्या खोलीत गेले. कुसुमनं ती हातात घेतली, फुलांवरून बोट फिरवलं, "ही करडई ना?" म्हणाली. मग घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"मावशी, रागावू नकोस. तुझ्या हातानं नको."

"सासूबाई काही म्हणाल्या का?"

"नाही. मीच म्हणते. पहिल्याला तूच दुपटं पांघरवलं होतंस."

सासूबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. कुसुमशी कसं भांडू? ती रडत होती आणि बाळाला छातीशी घट्ट धरून होती, माझ्यापासून थोडी वळून.

"तू हे सगळं परत घेऊन जा," ती म्हणाली, "आणि साताऱ्याच्या आपल्या शेजारच्या यमुनाकाकूंच्या नावानं पोस्टानं पाठव. त्या सवाष्ण आहेत. सव्वा महिन्याला गणपतीला नेऊ तेव्हा मी त्याला घालीन. नक्की घालीन, मावशी."

बारसं झालं. मी स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होते. नाव ठेवल्याचं गलबल्यातून कळलं, नाव मात्र नीट ऐकू आलं नाही. नंतर मोलकरणीला विचारलं. निघताना कुसुमनं वाकून नमस्कार केला. बाळ दाखवलं, पण 'घे' म्हणाली नाही. मीही हात पुढं केले नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकी होती, पण मी बाहेर पाहिलं नाही. दुपट्याची कड राहिली होती ती घातली, स्वेटरची बटणं लावली. बाळंतविड्याची सगळी कामं एका दिवसात संपली. उसवावं असंही वाटून गेलं. लोकर उसवता आली असती. रेशीम उसवलं की कापडाला भोकं राहतात. तसाही बाळाचा त्यात काय दोष? कुसुमचाही नव्हता. एक मूल हातातून गेलेल्या बाईनं कशाला भ्यावं आणि कशाला नाही, हे मी कोण ठरवणार? हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही भिलवडीपासून कोरेगावपर्यंत मी रडले. डब्यातल्या बायकांनी विचारलं, कुणी गेलं का? मी नाही म्हटलं.

साताऱ्यात पोचल्यावर पिशवी तशीच यमुनाकाकूंच्या ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. "त्यात काय, माझं नाव का झिजणार आहे?" त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. पुडकं बांधलं. बरोबर आशीर्वादाची चिठ्ठी हवी. काकूंना लिहिता येत नाही, तेव्हा ती मीच लिहायला बसले. चि. बाळास अनेक आशीर्वाद, कुंची मापात न बसल्यास मागील बंद सैल करावेत, वगैरे. अक्षर बदलायचा प्रयत्न केला नाही. कुसुम ते ओळखणारच. खाली सही राहिली होती. अठरा वर्षं मी माझ्या नावाआधी गं. भा. लिहीत आले आहे. त्या दिवशी दौतीत टाक बुडवून मी 'सौ.' लिहिलं, आणि त्यापुढे यमुनाकाकूंचं नाव.