पाठमोरी आई
श्रीखंडातल्या जायफळाचा वास आला की अमेरिकेत शॉमबर्गला मराठी लोकांच्या घरी झालेलं ते जेवण आठवतं आणि माझं डोकं फिरतं. आई वारली तेव्हा व्हिसा अडकल्यामुळे मला नागपूरला जाता आलं नव्हतं. नंतर ती रोज स्वप्नात यायची, अंगणात पाठमोरी बसून तांदूळ निवडायची. त्या जेवणात हे मी मैत्रिणीला सांगत असताना शेजारी बसलेल्या एका काकांनी ऐकलं. ते निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. “पाठमोरी, म्हणजे तुलाच तिचं तोंड बघायचं नव्हतं. व्हिसा हे निमित्त,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “काका, तुम्ही तिला कधी पाहिलंही नाही!” मी ओरडले. “बघा, चिडली! म्हणजे बरोबर लागलं,” ते हसले, बाकीचेही हसले. त्या दिवसापासून आई स्वप्नात आली नाही. काका अजून भेटतात, प्रेमाने विचारपूस करतात. मी त्यांच्याकडे पाठ फिरवते.