ओल्या वाळूचं वजन

ट्रकवाले तिला काटेवाली म्हणत, आणि ते काही लाडानं नाही. वाळूच्या डेपोच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला साठ टनांचा वजनकाटा, त्याला चिकटून पत्र्याची केबिन आणि केबिनमध्ये ती. गाडी भरलेली मोजायची, वाळू उतरली की रिकामी मोजायची. ड्रायव्हर खाली, इंजिन बंद, आकडा ठाम. रोज सकाळी स्वतः खराटा घेऊन ती काट्यावरचा चिखल झाडायची आणि पडद्यावर शून्य उमटल्याशिवाय फाटक उघडू द्यायची नाही.

"ताई, बाहेर रांग लागलीय!"

"लागू दे. काटाच खोटं बोलायला लागला, तर मी इथे शोभेला बसलेय का?"

वाळूवर पाणी मारून वजन वाढवणारे तर तिला दुरूनच कळत. "ही वाळू नाही, अर्धी नदी उचलून आणलीस. निथळू दे, दुपारी ये." आठ वर्षांत तिला गंडवणारा अजून जन्माला यायचा होता.

तर अशी ही बाई गरोदर राहिली, आणि ज्याच्या त्याच्या हातात तराजू आला.

पहिले तीन महिने उलट्यांनी हैराण केलं. वजन वाढायचं सोडून दोन किलो उतरलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, दोन जिवांची तू आणि हाडं मोजून घ्यावीत अशी दिसतेस! लोक म्हणतील, सासू खायला घालत नाही." उलट्या थांबल्या तशा त्या ताटात डोंगर रचू लागल्या. डेपोत न्यायच्या एका डब्याचे दोन झाले. ड्रायव्हरांनाही कंठ फुटला. "ताई, एकदा काट्यावर उभ्या राहा की!"

"हा काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो. त्याच्या लेखी मी असले काय नि नसले काय. तू चढ आधी, तुझी अक्कल किती भरते बघू."

दवाखान्यातल्या सिस्टरशी तर पहिल्या दिवसापासून वाजलं. सिस्टर मनानं वाईट नव्हत्या, पण बाहेर साठ बायका आणि हातात एकच माप. "सगळ्यांनी दहा ते बारा किलो वाढायचं. कमी नाही, जास्त नाही."

"पन्नास किलोच्या बाईनंही तेवढंच, नि नव्वदच्या बाईनंही तेवढंच? आमच्याकडे सहा चाकी आणि दहा चाकी गाडीला वेगळं माप असतं."

"इथे गाड्या येत नाहीत, बाई. पुढची!"

पुढे सगळं बेतानं चाललं. महिन्याला दीड किलो, कधी त्याहून कमी. सातवा संपत आला त्या वेळी मात्र दवाखान्याच्या काट्यावर आकडा चढला तो चढलाच. तीन आठवड्यांत साडेचार किलो.

"खाणं सुटलंय," असं म्हणत सिस्टरनी कार्डावर लिहूनही टाकलं : अति खाणं. "भात बंद, गोड बंद. महिन्यानं या."

सोबत आलेल्या सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं हो. मीच भरवत होते."

काटेवाली काट्यावरून उतरली, वाकून पडदा पाहिला. शून्य. पुन्हा चढली. तोच आकडा.

"काटा खरा आहे," ती म्हणाली. "आता हे वजन कशाचं ते सांगा."

"खाण्याचं! आणखी कशाचं असणार?"

"मी खाल्लंच नाही."

"अगं, खोटं कशाला बोलतेस?" सासूबाई कळवळल्या. "दोन्ही डबे रोज लख्ख होऊन येतात!"

"आई, दुसरा डबा डेपोतली कुत्री खाते. नंतर रागवा."

"कुत्री?" सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "तरी म्हटलं, डेपोत आले की ती मेली मला बघून एवढी शेपूट का हलवते!"

रांगेत खसखस पिकली. काटेवाली हसली नाही. तिनं पाऊल पुढे केलं, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

"नेहमीची गाडी एकदम दोन टन जड निघाली, तर मी वाळू जास्त आली असं नाही म्हणत. आधी पाणी बघते. हे पाणी आहे, सिस्टर."

"पाय सगळ्यांचेच सुजतात."

"चेहरा? बोटं? दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. बीपी बघा."

"मागच्या वेळी चांगलं होतं तुमचं. पट्टा आत डॉक्टरबाईंकडे आहे आणि आज त्यांच्याकडे तुमचा नंबर नाही. चला, उतरा, पुढच्या बाईला मोजायचंय."

"मोजा की. माझं वजन वजा करा."

ती काट्यावरून तसूभर हलली नाही. रांग कुजबुजली. कुणी म्हणालं, "काय हटवादी बाई आहे," कुणी म्हणालं, "बघा ना हो एकदा, काय जातंय?" सासूबाई आधी ओशाळल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, पिशवी खाली ठेवून त्या सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या. "आम्ही दोघी इथेच आहोत. संध्याकाळपर्यंत!"

आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या थेट काट्यापाशी वाकल्या. पायावरचा खळगा पाहिला आणि पट्टा मागवला. एकदा फुगवला. मग पुन्हा फुगवला.

"एकशे सत्तर, एकशे दहा."

 लघवी तपासली, तिच्यातही खोट निघाली. पोटावर यंत्र टेकवलं, तेव्हा सासूबाई कान देऊन पुढे झुकल्या. आतून घोडा दौडल्यासारखा आवाज आला.

"बाळ ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वजन किती वाढावं, ते बाई मुळात केवढी आहे, उलट्या किती झाल्या, पोटात एक आहे की दोन, दिवसभर बसते की राबते, यावर असतं. त्यात थोडं कमीजास्त झालं, तरी घाई नसते. पण असं झपाट्यानं चढलं, की आधी बीपी बघायचं असतं. तुम्ही महिनाभर घरी बसला असतात, तर झटके येऊन दोन्ही जीव धोक्यात आले असते." त्यांनी आतली खाट दाखवली. "आजच दाखल व्हायचं. औषध आत्ता सुरू. खाटेवर आडव्या व्हा."

"होते. आधी ते कार्ड द्या."

"कशाला?"

"त्यावर माझ्याबद्दल खोटं लिहिलंय."

 सिस्टरनी पेन काढलं, 'अति खाणं'वर आडवी रेघ मारली आणि तिला वाचता येईल असं कार्ड तिच्यासमोर धरलं. "झालं समाधान?"

"आणखी एक रेघ मारा. अजून वाचता येतंय."