डिस्कसच्या टाकीत कणकेच्या गोळ्या

माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या असतील तर नदीवर जावं. माझ्या घरातली काचेची टाकी म्हणजे नदी नाही. हे एकदा सर्वांनी समजून घ्या, मग पुढचं बोलू.

हां, ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. रागात राहून गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... माझी नात रेवती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि तिचे सहा डिस्कस मासे इथे वर्ध्यात माझ्या गळ्यात पडले. ताटलीसारखे चपटे, निळ्या-लाल रेघांचे. नखरे इतके की यांच्यापेक्षा लग्नातला नवरदेव बरा.

पाणी कोमटच पाहिजे, थर्मामीटरच्या काट्यावर एकोणतीस. दोन दिवसांआड निम्मं पाणी पाईपने तळाच्या घाणीसकट ओढायचं आणि दुसरं भरायचं. तेही थेट नळाचं नाही, त्यात ब्लिचिंग असतं... ड्रममध्ये भरून एक-दोन दिवस शिळं केलेलं. मी चार लेकरं वाढवली, एकाच्याही आंघोळीच्या पाण्यात काटा घातला नाही.

तर गेल्या आठवड्यात माझी नणंद कुसुम आष्टीहून राहायला आली. शनिवारी मी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला दवाखान्यात गेले. दोन तास घर तिच्या ताब्यात.

कुसुमचा शनिवारचा नेम आहे, माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या. त्यासाठी ती गावाकडे तलावावर जाते. इथे मासे घरातच दिसले, तिला वाटलं देवानेच सोय केली... हळद लावून एकवीस गोळ्या सोडल्या बाईने.

माशांनी एकीलाही तोंड लावलं नाही. गोळ्या तळाला जाऊन फुटल्या, फिल्टरच्या स्पंजात अडकल्या आणि तिथेच आंबल्या. कुसुमने मला हे सांगितलंच नाही. रविवारी सकाळी उलट मलाच विचारते, "वहिनी, टाकीतलं पाणी ताकावानी काऊन दिसून राह्यलं?"

सहाही मासे काळे पडलेले... एका कोपऱ्यात गोळा होऊन धापा टाकत होते. मी हात घालून तळ चाचपला तर बोटाला कणीक. कुसुमकडे पाहिलं तर तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. झालं, समजलं.

हे मासे रेवतीने बोटाएवढे असताना आणले होते. हॉस्टेलला जाताना पोरगी आईजवळ रडली नाही, या टाकीसमोर रडली. ते मेले तर तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, हा माझ्यापुढे प्रश्न.

टाकीतलं पाणी ओढून ड्रममधलं सगळं शिळं पाणी लगेच तिच्यात भरलं. तासाभरात टाकी परत पांढरी. आणखी पाणी हवं होतं, आणि शिळंच हवं होतं... नळ नुकताच आलेला, ब्लिचिंगने नाक झोंबत होतं.

मग डोक्यात आलं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. नळ आला की गल्लीतली प्रत्येक बाई भांड्यांतलं उरलेलं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतते आणि ताजं भरते. म्हणजे मला पाहिजे तेच पाणी त्या घडीला गल्लीभर फेकलं जात होतं.

कुसुमच्या हातात दोन बादल्या दिल्या. "जा, दारोदारी शिळं पाणी मांग. तुरटी फिरवलेलं नको, बोअरचंही नको. ज्या हातानं गोळ्या टाकल्या त्याच हातानं आण."

शेजारची शोभा तिला म्हणे, "मावशी, ताजं घ्या न. पाव्हण्याले कोणी शिळं देते का?"

कुसुम म्हणे, "मासे हायेत व बाई, त्यायले शिळंच लागते. मले तरी कुठं मालूम होतं."

शोभा हसली खूप, पण मग तिनेच दोन हंडे आणून दिले. तिचं पाहून बाकीच्या बायाही आणायला लागल्या. तीन दिवस हेच चाललं... मी गॅसवर पाणी तापवून काटा बघून कोमट करायची, कुसुम ओतायची. माशांचं खाणं बंद, हवेचा पंप चालू, आणि माझं तोंडही चालू.

दुसऱ्या दिवशी कुसुमने बादली खाली ठेवली. म्हणाली, "तुमच्याच गुडघ्यासाठी टाकल्या न वहिनी. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून."

मी म्हटलं, "मंग माह्या गुडघ्याले तेल चोळायचं होतं." आणि चहा ठेवला, दोघींचा.

एक मासा गेला. कढीपत्त्याच्या आळ्यात पुरला, कढीपत्त्याचं तरी भलं होईल. चार खायला लागले, त्यांचा रंगही परतला. रेवतीला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तर ती विचारते, "आजी, बादल्या तू तर नाही ना उचलल्या?" रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

गल्लीतल्या बायांचे उपकार आहेत. मला हसल्या, पण भरलेला हंडा घेऊन हसल्या.

आता कामाचं. सहावा अजून काळाच आहे. हीटरमागे उभा राहतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. कोणी म्हणतं मीठ टाका, कोणी म्हणतं कडुनिंब, कुसुम अंगारा म्हणते... मला एवढंच सांगा, याला वेगळ्या टबात काढू की चौघांतच राहू देऊ?

ज्याने आपल्या घरी असा थुंकणारा डिस्कस पुन्हा खायला लावला असेल, त्यानेच उत्तर द्यावं. 'किती गोड आजी' लिहिणाऱ्यांनी नाही, ऐकीव सांगणाऱ्यांनी नाही, आणि रेवतीची परीक्षा आहे, तिने तर नाहीच. सोमवारी माझं ऑपरेशन आहे, त्याच्या आत लिहा.