बाबांनी घेतलेली बिअर

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी एक जर्मन आजी-आजोबा राहत. आजोबा तळघरात घरच्या घरी बिअर करायचे. ऐंशीच्या दशकात आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे आले, तेव्हा आजोबा बाबांना ते सगळं दाखवायला घेऊन गेले. मोड आणून वाळवलेले सातू, त्यांचा गोडूस वास, भल्यामोठ्या पातेल्यात उकळणारं तांबूस पाणी, त्यात टाकायची कडू फुलं. बाबा निवृत्त हेडमास्तर. खोदून खोदून प्रश्न विचारून परतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे मला कोण ओळखतंय? एकदा चाखून बघायला काय हरकत आहे?"

दरवर्षी शाळेच्या गॅदरिंगला दारूबंदीवर भाषण ठोकणारा माणूस हे बोलत होता! मी हो म्हटलं. पण स्वयंपाकघरातून आईनं सगळं ऐकलं होतं.

"त्यांना बीपीची गोळी चालू आहे," ती कुजबुजली. "त्या आजोबांना सांग, दिसायला बिअर असू दे, पण चढणारं काही नको."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कशाला? हौस भागवायची."

आजोबांना मी हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. नातवंडांसाठी ते सातूचंच एक काळं, गोड, फेसाळ पेय करायचे. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा पितात, म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या बॅकयार्डमध्ये जमलो. बाबांसमोर झाकणाचा जाडजूड मग आला. आजोबांनी बजावलं, "पेले भिडवून प्रोस्ट म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. नजर चुकवली तर अपमान." बाबांनी सगळ्यांच्या डोळ्यांत बघितलं, शेवटी आईच्याही. चारचौघांत असं बघण्याची त्यांची पहिलीच वेळ असावी. आई चक्क लाजली.

"तू आपलं लिंबू सरबत घे," बाबा तिला म्हणाले.

दिसायला ते तसंच होतं. पण आजींनी आईला आधी रीतसर विचारलं होतं: अर्धी बिअर, अर्धं लेमोनेड, आमच्याकडे सायकलवरून दमून आलेले लोक हे पितात, चालेल का? मी मराठीत सांगितलं. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "अर्धा ग्लास पुरे म्हणावं."

इकडे निम्मा मग संपायच्या आत बाबांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं. मग एक नाट्यपद, पाठोपाठ दुसरं. आजोबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना "यार" म्हणून झालं. मध्येच ते गंभीर झाले.

"झाडं हलताहेत का गं?"

"वारा सुटलाय," आई म्हणाली आणि तिनं ग्लास पुढे केला. आजींनी तो भरला. माझा नवरा हसू लपवायला शेजाऱ्यांचे गुलाब बघायला निघून गेला.

घरी येताना बाबा आईला म्हणाले, "मला धर. तोल जातोय." आईनं त्यांचा हात घट्ट धरला. तिचे गाल लालबुंद झाले होते, पण पावलं अगदी सरळ पडत होती.

पुढे मी सांगलीला गेले, तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत मित्रांना दबक्या आवाजात सांगत होते, "जर्मन बिअर म्हणजे खायचं काम नाही. पण मी अख्खा मग रिचवला!" मित्र थक्क. मी आत जाऊन आईला विचारलं, "आता तरी त्यांना खरं सांगायचं का?"

ती चहा गाळत होती. "नको बाई," ती म्हणाली. "मग माझंही सांगावं लागेल."